उतरत्या सुराचा कानोसा

त्या महिन्यांत मी संध्याकाळची आडवी झाले की मला एक विहीर दिसायची. पायऱ्यांची, जुन्या दगडाची, काठोकाठ भरलेली. तिच्यातलं पाणी वाजायचं, तेही तंबोऱ्यासारखं, एकच सूर धरून. मी खालच्या पायरीवर पाय सोडून बसलेली असायचे. मग सूर हळूहळू खाली जायला लागायचा, अगदी एवढासा, आणि मी पायरीची कड घट्ट धरायचे. तेवढ्यात कुणीतरी कळशी ओढावी तसा तो अलगद वर ओढला जायचा. सूर जागेवर यायचा आणि मला फार बरं वाटायचं.

ते कोण ओढतं, हे मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. पोटातलं बाळच ओढतं, दुसरं कोण.

आमचं घर मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत आहे. फोनमध्ये फुकट तंबोरा वाजू लागून कितीतरी वर्षं झाली, आता तर भिंतीसुद्धा सांगाल त्या पट्टीत गुणगुणतात, तरीही लाकडाचा तंबोरा विकत घेणारी वेडी माणसं जगात शिल्लक आहेत आणि त्यांच्यावर आमची चूल पेटते. मीही त्यांच्यातलीच. साताऱ्याहून तंबोरा घ्यायला म्हणून आले आणि तंबोरा करणाऱ्याचा मुलगा पसंत करून बसले. केदार सुतार त्याचं नाव. त्याचे वडील, आप्पा, तेव्हा मला म्हणाले होते, "तंबोरा फुकट घेऊन जा पोरी, फक्त मिरजेतच ऱ्हा." मी राहिले.

या घराची एक सवय आहे. उतरलेल्या तंबोऱ्याजवळून इथे कुणी तसंच पुढे जात नाही. केदार चहाचा कप घेऊन जाता जाता दुसऱ्या हाताने तारेखालचा मणी सरकवतो. आप्पा फोनवर गिऱ्हाइकाशी भांडत असले तरी त्यांची बोटं खुंटीवर चाललेली असतात. विचारावं लागत नाही, सांगावं लागत नाही. दुसऱ्या घरांत वाकडं पायपुसणं पायाने सरळ करतात, त्यातलाच हा प्रकार. लग्नानंतर वर्षभरात मलाही ती खोड लागली.

मी तेव्हा काळी चारच्या उंच पट्टीत गायचे. तो सा माझ्या गळ्यात सहज बसायचा, आणि त्याचा मला थोडा माजही होता. मग पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. त्यानंतर अंग जड झालं, सारखी थंडी वाजायची, केस गळायला लागले आणि आवाज बसला तो बसलाच. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की माझ्या गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मारली जात होती, आणि मारणारे माझ्याच रक्तातले पहारेकरी होते. त्यांनी घरच्या माणसाला चोर ठरवलं होतं. या दुखण्यात गळ्यातल्या तारांना सूज येते आणि आवाज खाली सरकतो. गोळ्यांनी सूज बरीच उतरली, पण माझा आवाज काही पुन्हा वर चढला नाही. त्याखालच्या काळी तीनलासुद्धा मला धाप लागायची. मी गाणं बंद केलं. आप्पांनी माझ्या तंबोऱ्याला कापडी गवसणी घातली आणि तो माझ्या खोलीच्या कोपऱ्यात उभा केला. गवसणीत हात घालून ते तो अधूनमधून सुरात मिळवत असत, ते मला दिसायचं. मी न पाहिल्यासारखं करायचे.

दुसरं बाळ सहाव्या महिन्यात गेलं. या वेळी डॉक्टरांनी बाळाची वार तपासायला पाठवली. तिच्यात बारीक बारीक गुठळ्या सापडल्या.

"तुमच्या घरात कुणाला रक्ताच्या गुठळीचा त्रास होता का?" डॉ. शिरीन मुल्लांनी विचारलं.

माझे बाबा चाळिशीत गेले. लांबच्या प्रवासाने पाय सुजला असेल म्हणून आम्ही शेकत बसलो आणि पायातली गुठळी फुप्फुसात गेली. मी हे सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी मान हलवली. रक्त गोठू लागलं की त्याला आवर घालणारं एक प्रथिन असतं, प्रोटीन एस. ते बाबांच्यात कमी असणार, माझ्यातही कमी आहे. बाबांचं नाक आणि ही खोट, दोन्ही मला वारशाने मिळाली. त्यात बाईला दिवस गेले की हे प्रथिन आणखी घटतं, कारण बाळंतपणात फार रक्त वाहून जाऊ नये म्हणून निसर्ग आधीपासूनच रक्त घट्ट करायला घेतो. इतरजणींना ते सोसतं. माझ्या बाळाच्या वाटेवर मात्र बांध पडतो.

"रक्त पातळ ठेवायचं आणि थायरॉइडचं औषध वाढवत न्यायचं," डॉक्टर म्हणाल्या. "अवघड असतं ते प्रमाण. दोन्हींची गरज महिन्यामहिन्याला बदलते, आणि आपण महिन्यातून एकदा रक्त काढून मागून धावत असतो. आता एक यंत्र आलंय. सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडे आहेत असं मी म्हणणार नाही. पण ते मागून धावत नाही."

मला तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा ते यंत्र लावायचं ठरलं. त्याचं नाव कानोसा. पोटावर, बेंबीच्या खाली, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ फिल्म चिकटवायची. ती ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी आत सोडते आणि वारेकडे जाणारं रक्त कसं वाहतंय ते परत येणाऱ्या लहरींवरून ओळखते. दंडावर एक बारीक सुई असते, ती औषधांचं रक्तातलं प्रमाण बघते. कमरेला काड्यापेटीएवढा पंप. तो दोन्ही औषधं लागतील तशी थेंबाथेंबाने सोडतो. आणि उशाशी एक डबी, जी गाते.

गाते म्हणजे एक सूर धरून राहते. आधीच्या यंत्राला पडदा होता, तेव्हा बायका दिवसभर आकडे बघत बसायच्या आणि आकड्यांनीच आजारी पडायच्या. कानाचं तसं नसतं. तो काम करता करता ऐकतो, झोपेतही ऐकतो. रक्त मोकळं वाहत असेल तर सूर स्थिर राहतो, अडखळायला लागलं की सूर उतरतो. एकदम घसरला तर दवाखान्यात आपोआप सूचना जाते. डबीला एक चक्री होती, आपल्याला सोसेल तो सूर लावून घ्यायला.

"आणि हे शिकणारं यंत्र आहे," डॉ. मुल्ला म्हणाल्या. "ते तुमची प्रकृती ओळखायला लागेल. तुम्ही चक्री फिरवलीत तरी त्यातून ते शिकेल."

मी चक्री काळी चारवर लावली. जिथे मला आता पोचता येत नव्हतं तिथे माझ्या बाळाने राहावं, असं काहीतरी वेडं माझ्या मनात होतं.

घरी डबी सुरू केली तेव्हा केदार, आप्पा आणि मी, तिघंही पलंगाभोवती उभे राहिलो. आप्पांनी मान तिरकी करून ऐकलं.

"सा बरा हाय," ते म्हणाले. "जवारी जरा कोरडी हाय, तारंगत गुंजत न्हाई, पण चालंल."

"आप्पा, ते मशीन आहे," केदार म्हणाला.

"म्हणूनच चालंल म्हटलं."

मग ते दिवस सुरू झाले ज्यांच्याबद्दल मला अजून नीट सांगता येत नाही. घरभर तो सूर असायचा. भाजी चिरताना, कपडे घड्या घालताना, अंगणातल्या उन्हात डोळे मिटून बसताना. बिनड्रायव्हरच्या रिक्षा गल्लीतून हळू जायच्या आणि त्यांची घरघरही त्या सुरात मिसळून जायची. मला सारखी झोप यायची, आणि झोप व जाग यांच्यामधली भिंत इतकी पातळ झाली की मी कधी कुठल्या बाजूला आहे ते कळायचं नाही. आप्पा संध्याकाळी तारांची भेंडोळी घेऊन माझ्या खोलीत येऊन बसायचे. तारा सोडवायला उजेड तिथे बरा येतो, असं त्यांचं म्हणणं. खरं म्हणजे त्यांना नातवंडाजवळ बसायचं असायचं. मी अर्धवट झोपेत त्यांची पुटपुट ऐकायचे. मग विहीर यायची, सूर जरासा बुडायचा आणि बाळ तो वर ओढायचं.

पाचवा महिना गेला, सहावा गेला. केदार रोज सकाळी डबीला कान लावून मग मला म्हणायचा, "झकास." पोट मात्र फार वाढत नव्हतं. पण माझा बांधा बारीक आहे, आणि सूर तर आपल्या जागेवर होता.

सातव्या महिन्यात आप्पा भोपळे आणायला गेले. तंबोऱ्याचे भोपळे भीमेकाठी होतात आणि ते स्वतः थापटून पाहिल्याशिवाय आप्पा घेत नाहीत. ऊन वाढलं होतं, पीक कमी आलं होतं, म्हणून त्यांना गावोगाव फिरावं लागणार होतं. जाताना त्यांनी माझ्या पोटाकडे बघून उगाच हात जोडले आणि गेले.

त्या संध्याकाळी मी आडवी झाले. विहीर आली. सूर उतरायला लागला. मी वाट बघत बसले. सूर आणखी जरा उतरला आणि तिथेच राहिला. कळशी वर आली नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी पाण्यात वाकून हाक मारली आणि त्या हाकेनेच जागी झाले. बाहेर अजून चांगला उजेड होता. डबी गात होती. मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकलं आणि अंगावर काटा आला, कारण जागेपणीही तो सूर खालीच होता.

गाणं सोडलं तरी कान सुटत नाही. तरी मी स्वतःला म्हटलं, आपल्याला भास होत असेल, आपल्या कानाचं काय खरं. उठून कोपऱ्यातल्या तंबोऱ्याची गवसणी काढली. आप्पा जाऊन तीन दिवस झाले होते, म्हणजे तंबोराही जरासा उतरला असणार. मी तार छेडली. तंबोरा उतरलाच होता. पण डबी त्याच्याही खाली होती.

केदार आमच्या कारखान्यातून येईपर्यंत मी आप्पांना फोन लावला होता.

"आप्पा, ही डबी उतरलीय."

"मग चढव की," पलीकडून आवाज आला. मागे कुणीतरी भोपळे थापटत होतं. "रोज उतरतंय ते. इलेक्ट्रिकचं हाय, तापत असंल. म्या रोज संध्याकाळी चढवतोय. इचारायचं काय त्यात?"

केदार दारात उभा होता, त्याने ते ऐकलं. "आप्पा चक्री फिरवत होते," मी त्याला म्हटलं. ते आप्पांना ऐकू गेलं असावं, कारण मागचं थापटणं त्यांनी थांबवायला लावलं. "मैथिली," ते म्हणाले. "पोरी, काय झालंय? म्या काय केलंय?"

दवाखान्यात डॉ. मुल्लांनी जुन्या पद्धतीने सोनोग्राफी केली आणि पडदा आमच्याकडे वळवला. वारेतलं रक्त अडखळत होतं. बाळ दिवसांच्या मानाने लहान होतं. कमरेच्या पंपाने गेले कित्येक आठवडे दोन्ही औषधं वाढवलीच नव्हती.

"पण दंडावरची सुई?" केदारने विचारलं. "तिला कळत नव्हतं?"

"कळत होतं. सुई एक सांगतेय आणि आई दुसरं, असं झालं तर आईचं ऐकायचं, असं या यंत्राला शिकवलंय." डॉक्टर खुर्चीत मागे टेकल्या. "इतकी वर्षं बायका सांगायच्या, मला काहीतरी होतंय, आणि आम्ही रिपोर्ट बघून म्हणायचो, काही नाही. ते आम्हाला सुधारायचं होतं. चक्री फिरली की यंत्र समजतं, आईला हे असंच बरं वाटतंय, म्हणजे हेच तिचं नेहमीचं. रोज केसभर फिरली, तर ते रोज केसभर शिकतं. फिरवणारा हात आईचाच असेल, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो."

आप्पा त्याच रात्री भोपळे न घेताच परत आले. दवाखान्याच्या व्हरांड्यात केदार त्यांना जे बोलला ते मी खोलीतून ऐकलं. तो ओरडला नाही. "तुम्ही हात लावायचा नव्हता," एवढंच म्हणाला. "एक गोष्ट घरात अशी होती जिला हात लावायचा नव्हता." त्यानंतर त्याने वडिलांशी बोलणं सोडलं.

मलाही राग आला होता. खोटं कशाला सांगू, त्या माणसाचं तोंड बघू नये इतका आला होता. रोज संध्याकाळी माझ्या उशाशी बसून त्याने माझ्या बाळाची हाक बंद केली होती, आणि मी मात्र स्वप्नात त्याच हाताला बाळ समजून सुखावत होते. हे शेवटचं मला सर्वांत जास्त लागलं.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. लगेच बाळ बाहेर काढायचं, पण ते फार कोवळं होतं. नाहीतर औषध एकदम वाढवून थांबायचं, आत जितके दिवस मिळतील तितके मिळवायचे, पण मग रक्तस्रावाचा धोका माझा. मी थांबायचं ठरवलं. केदार माझा हात धरून बसला होता, त्याने तो आणखी घट्ट धरला.

"डबी चालूच ठेवा," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी होती तशी लावा आणि चक्रीवर चिकटपट्टी लावून टाका. आणि आप्पांना आत बोलवा."

"त्यांना कशाला?" केदार म्हणाला.

"सूर एकदम पडला तर दवाखान्याला कळेल. केसभर उतरला तर कुणाला कळेल? माझा कान झोपतो, केदार. त्यांचा झोपत नाही."

हे क्षमा वगैरे नव्हतं. रागापेक्षा मला त्यांचा कान जास्त हवा होता.

आप्पा आले. डबीपासून हातभर अंतरावर स्टुलावर बसले. डबीचा सूर पहिल्या दिवसाच्या जागेपासून चांगलाच खाली होता. औषध वाढल्यावर तो थोडा सावरला, पण नीट वर आला नाही. मधेच हलायचा, डगमगायचा. आयुष्यभर ज्या माणसाने उतरलेला सूर क्षणभर सोसला नाही, तो दिवसचे दिवस त्या बेसुराजवळ बसून राहिला. त्यांचा उजवा हात मांडीवरून उठायचा, अर्ध्यात थांबायचा आणि परत मांडीवर यायचा. कधी ते तो डाव्या हाताखाली दाबून धरायचे. मी झोपेतून डोळे उघडले की तो हात दिसायचा. विहीर यायची बंद झाली होती.

"त्रास होतो का?" एकदा मी विचारलं.

"दात दुखल्यागत," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पर पोरी, ह्यो बेसूर न्हाई. त्येला सांगायचं हाय काहीतरी, तेवढंच. म्या ऐकलंच न्हाई इतकं दिवस."

असे तीन आठवडे मिळाले. डॉक्टर म्हणायच्या, एकेक दिवस बाळाच्या फुप्फुसात जमा होतोय. केदार डबा घेऊन यायचा, माझ्याशी बोलायचा, वडिलांपुढे डबा ठेवायचा आणि न बोलता जायचा. आप्पा तो खायचे.

मग एका सकाळी, नर्सने नुकतंच येऊन सगळं ठीक म्हणून सांगितलं होतं, आप्पा उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"पोरी, उतरतोय."

मला काहीच कळलं नव्हतं. डबीने अजून सूचना पाठवली नव्हती, दवाखान्यालाही काही कळलं नव्हतं. पण डॉ. मुल्ला आल्या, त्यांनी पाहिलं, आणि कुणाशी वाद न घालता मला ऑपरेशनला नेलं. अर्ध्या वाटेवर असताना डबीने एकदम सूर टाकला आणि सगळीकडे घंटा वाजायला लागल्या. त्या वाजायला लागल्या तेव्हा आमची तयारी झालेली होती.

मुलगी झाली. केदारच्या दोन तळहातांत मावेल एवढी. तिचं रडणं इतकं बारीक होतं की ते ऐकायला सगळ्यांना गप्प व्हावं लागलं. केदार व्हरांड्यात गेला आणि वडिलांपुढे उभा राहिला. म्हणाला, "आप्पा, घरी जाऊन झोपा जरा." इतक्या दिवसांत त्याने त्यांच्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते. आप्पा बाकावर बसून रडले.

कानोशाच्या नव्या डब्यांना आता चक्री नसते, असं डॉ. मुल्लांनी मला मागाहून सांगितलं.

मुलीला काचेच्या पेटीतून घरी आणायला बरेच दिवस लागले. घरात आता डबी नव्हती, आणि घर एवढं सामसूम वाटायचं की आम्ही भांडी उगाच आपटायचो. मुलगी दिवसभर शहाण्यासारखी राहायची, पण दिवेलागणीला तिचं रडं सुरू व्हायचं. पोटात असताना त्या वेळी तिच्याभोवती सूर असायचा आणि कुणीतरी जवळ बसलेलं असायचं. दूध, गुटी, खांदा, कशानेच ती राहायची नाही. आप्पा दाराबाहेर बसायचे. दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी कुठल्याच तंबोऱ्याला हात लावला नव्हता. कारखान्यातले तंबोरे उतरून गेले होते, आणि केदार एकट्याने किती मिळवणार.

एका संध्याकाळी मी त्यांना आत बोलावलं. कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे बोट दाखवलं.

"मिळवून द्या, आप्पा."

ते मुलीकडे बघत राहिले, मग तंबोऱ्याकडे. गवसणी काढली, तंबोरा मांडीवर घेतला. "काळी चार?"

"नाही," मी म्हटलं. "माझा सा आता खाली आहे. तुम्ही ऐका आणि तिथे आणा."

मी सा लावला. किती वर्षांनी लावला होता. तो जाडा होता, थोडा खरखरीत, आणि लागताच मुलगी रडता रडता थबकली. आप्पांनी खुंटी सैल केली. तार खाली आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अजून?"

"अजून जरा."

त्यांनी आणखी उतरवली. आयुष्यभर तारा चढवलेला तो माणूस माझ्या आवाजाच्या मागोमाग एकेक तार खाली आणत होता, कान लावून, हळू, आणि मला कळलं की आपण इतकी वर्षं याचीच वाट बघत होतो. तारांखालच्या घोडीवरचा दोरा सरकवून त्यांनी जवारी उघडली. तंबोरा आणि माझा सा एक झाले. मी मुलीला मांडीवर घेऊन गायला लागले, शब्द असे काही नव्हतेच. दारात केदार येऊन उभा राहिला.

मुलीने डोळे मिटले. आप्पांनी एकदा सगळ्या तारा छेडून पाहिल्या, आणि हात खुंटीवरून काढून मांडीवर ठेवला.